धूसर फोटोवरून दुर्बिणीचा दोष कसा ओळखतात?

मे महिन्यात नागपूरच्या वर्धा रोडवर दुपारी समोरची वाहने थरथरताना दिसतात. तापलेल्या डांबरावरची हवा प्रकाशाला क्षणाक्षणाला वेगवेगळे वळवते. ताऱ्यांचा प्रकाशही वातावरणातून येताना असाच विस्कटतो. म्हणून जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीतूनही तारा धूसर दिसतो. हा दोष त्याच क्षणी सुधारण्याच्या तंत्राला 'अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स' म्हणतात.

अडचण काय आहे?

ताऱ्याकडून येणारी प्रकाशलहर वातावरणात शिरण्यापूर्वी जवळपास सपाट असते. हवेमुळे तिचा काही भाग मागे पडतो, काही पुढे राहतो. या मागेपुढे असण्याला 'कला' म्हणतात. कॅमेरा मात्र कुठे किती प्रकाश पडला, एवढेच नोंदवतो. कला फोटोत थेट उमटत नाही; ती गणिताने काढावी लागते.

ती कशी काढतात?

पहिल्या पद्धतीत प्रकाश छोट्या भिंगांच्या जाळीतून नेतात. प्रत्येक भिंग एक ठिपका उमटवते. ठिपका जितका सरकला, तितका लहरीचा तो भाग कललेला. पुण्याची 'आयुका' आणि अमेरिकेतील कॅलटेक यांनी मिळून बनवलेली 'रोबो-एओ' यंत्रणा अशीच चालत असे. पालोमार वेधशाळेच्या १.५ मीटर दुर्बिणीवर ती बसवण्यात आली. अतिनील लेझरने आकाशात कृत्रिम तारा तयार करून ती सेकंदाला हजाराहून अधिक वेळा मोजमाप घेत असे आणि एका लवचिक आरशाचा आकार त्यानुसार बदलत असे.

दुसऱ्या पद्धतीत वेगळी भिंगे लागत नाहीत. ताऱ्याचा एक फोटो फोकसमध्ये, दुसरा मुद्दाम फोकस हलवून घेतात. फक्त पहिल्या फोटोवरून लहर आत वाकली आहे की बाहेर, हे ठरत नाही. दोन्ही फोटोंशी जुळणारा आकार संगणक पुन्हापुन्हा गणित करून शोधतो. याला वेळ लागतो, म्हणून हळू बदलणाऱ्या किंवा कायमच्या दोषांसाठी ही पद्धत अधिक सोयीची.

उपयोग कुठे झाला?

१९९० मध्ये अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीचे फोटो धूसर आले. ताऱ्यांच्या फोटोंवरून केलेले गणित आणि आरसा घडवताना वापरलेल्या चाचणी उपकरणाची तपासणी, यांतून दोष पक्का झाला. आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पन्नासाव्या भागाइतकी, जास्त सपाट होती. आरसा बदलणे शक्य नव्हते. मात्र दोषाचे माप अचूक कळल्याने डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तो भरून काढणारी उपकरणे बसवली. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या आरशाचे १८ तुकडे जुळवतानाही फोकस हलवून घेतलेले फोटोच कामी आले.