एक अळी, चार नावे

आपल्या बोलीत कीड ओळखली जाते ती पिकावरून. हरभऱ्यावर घाटेअळी, कपाशीवर हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि पुणे जिल्ह्यात, जुन्नर-नारायणगावच्या टोमॅटोवर, फळ पोखरणारी अळी. शास्त्राच्या लेखी या चारही एकच: हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. ह्युब्नरने १८०८ च्या सुमारास तिचे वर्णन केले. कपाशीवर तिला 'अमेरिकन' असेही विशेषण लाभले. वास्तविक ती जुन्या जगातली, आणि ब्राझीलमध्ये तिची नोंद झाली ती थेट २०१३ साली!

नावे वाटली गेली, तसे उपायही वाटले गेले. कपाशीवरची फवारणी कपाशीपुरती, हरभऱ्यावरची हरभऱ्यापुरती. पतंगाला मात्र बांध ठाऊक नाही. फुलोऱ्यातले पीक हेरून मादी रात्री अंडी घालते. खरिपात कपाशी आणि तूर, पुढे रब्बीत हरभरा, बागायतीत टोमॅटो, असा तिच्या पिढ्यांचा प्रवास चालतो. १९८० च्या दशकात कपाशीवर सिंथेटिक पायरेथ्रॉइडांचा मारा झाला आणि १९८७ साली आंध्रात ही अळी त्यांना दाद देईनाशी झाली. अशी प्रतिकारशक्ती बांधापाशी थांबत नाही. ज्याने फवारले नाही, त्याच्याही शेतात ती पतंगाच्या पंखांवरून पोहोचते.

२००२ साली बीटी कपाशीला परवानगी देताना शासनाने एक अट घातली: भोवती साध्या कपाशीच्या किमान पाच ओळी किंवा वीस टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल ते. तेथे वाढलेले, बीटीला बळी पडू शकणारे पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतील, ही त्यामागची कल्पना. अट बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. तरीही हिरवी बोंडअळी बीटीपुढे बऱ्याच अंशी नमलेली राहिली. शेजारची तूर आणि हरभरा तिच्यासाठी न पेरता मिळालेला आश्रय ठरले, हे त्याचे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

गुलाबी बोंडअळीचे तसे नव्हते. तिचा निर्वाह मुख्यत्वे कपाशीवरच; साध्या कपाशीच्या ओळी नाहीत, म्हणजे आश्रयही नाही. त्यात फरदड ठेवल्याने तिला पुढेही अन्न मिळत गेले. बीटीला न जुमानणाऱ्या या अळीने २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यातील कपाशीची दैना केली.

ज्या शेजारामुळे एक कीड उपद्रवी ठरली, त्याच शेजाराने तिच्यावरचा उपाय टिकवून धरला. आपला पीकसंरक्षणाचा विचार अजूनही एकेका पिकाच्या तक्त्यात चालतो. तुरीखालचे क्षेत्र घटले तर कपाशीचे काय होईल, हा प्रश्न त्या तक्त्यात कोठे लिहायचा?