फिरत्या बिनतारी जाळ्यांतील वाटाडे



रस्ते जागच्या जागीं असतात म्हणून टपालवाला पत्र पोंचवूं शकतो. रस्तेच घटकेघटकेला बदलूं लागले तर त्यानें काय करावें? फिरत्या बिनतारी जाळ्यापुढें हाच प्रश्न असतो. अशा जाळ्यांत मध्यवर्ती मनोरा नसतो. प्रत्येक यंत्र स्वतःचा संदेश धाडतें आणि शेजाऱ्याचाही पुढें पोंचवितें. यंत्र हललें कीं मघाची वाट मोडते. संदेशानें कोणत्या वाटेनें जावें हें ठरविणाऱ्या नियमांस ‘रूटिंग प्रोटोकॉल’ म्हणतात. त्यांचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

या कल्पनेचा उगम युद्धाच्या भयांत आहे. ज्या जाळ्यास एकच केंद्र नाहीं तें हल्ल्यानंतरही तग धरील, असें पॉल बॅरन यांनीं १९६४ सालीं अमेरिकेंत मांडलें. १९७१ मध्यें हवाई बेटांवर नॉर्मन एब्रमसन यांचें ‘अलोहा’ जाळें रेडिओच्या साह्यानें चालूं झालें. परंतु तेथील सर्व संदेश एका केंद्राकडेच जात. पुढें १९७७ च्या नोव्हेंबरांत सॅन फ्रान्सिस्कोजवळ धांवत्या मोटारींतून निघालेले संदेश रेडिओ, उपग्रह व तारा अशा तीन जाळ्यांतून इष्ट स्थळीं पोंचले. चालत्या वाहनांतूनही यंत्रांचा संवाद होऊं शकतो हें सिद्ध झालें.

वाट शोधण्याच्या दोन रीती पुढें आल्या. पहिली सदैव सज्ज राहण्याची. प्रत्येक ठाण्यानें इतर सर्व ठाण्यांच्या अंतराचें कोष्टक बाळगावें व तें शेजाऱ्यांस वारंवार कळवावें. यांत एक धोका होता: बातमी शिळी झाली तर ‘अ’ ठाणें ‘ब’कडे बोट दाखवी आणि ‘ब’ पुन्हां ‘अ’कडे, संदेश मध्येंच घिरट्या घाली. १९९४ मध्यें चार्ल्स पर्किन्स व प्रवीण भागवत यांनीं प्रत्येक बातमीस अनुक्रमांक जोडला. त्यामुळें ताजी बातमी कोणती हें ओळखतां येऊं लागलें.

दुसरी रीत गरजेपुरती शोध घेण्याची. डेव्हिड जॉन्सन व डेव्हिड माल्ट्झ यांनीं १९९६ मध्यें मांडलेल्या पद्धतींत संदेश धाडावयाचा असेल तेव्हांच ‘अमक्याची वाट कोणास ठाऊक आहे?’ अशी हाक दिली जाते. यांत नित्याची कुजबुज वांचते, पण पहिल्या संदेशास थांबावें लागतें.

दोहोंपैकीं श्रेष्ठ कोणती? १९९८ मध्यें कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनीं संगणकावर पन्नास ठाणीं कल्पून चार प्रोटोकॉल ताडून पाहिले. ठाणीं संथ असतां कोष्टकाची रीत चांगली चालली. गति वाढतांच तिचे पुष्कळ संदेश हरवले. गरजेपुरता शोध घेणाऱ्या पद्धतींनीं मात्र गतीस दाद दिली नाहीं. तरीही पहिली रीत मेली नाहीं. २००३ मध्यें फ्रान्समधील संशोधकांच्या ‘ओएलएसआर’नें निवडक शेजाऱ्यांकडूनच बातमी पुढें नेण्याची युक्ति योजून तिचा भार हलका केला.

त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठांतील अभ्यासानें आणखी एक समजूत मोडली. थोड्या टप्प्यांची वाट तीच उत्तम, असें सारे धरून चालत. परंतु लांब टप्प्यांचे दुवे बहुधा दुबळे असतात. संदेश पुनःपुन्हां पाठवावे लागतात. चार पक्के टप्पे दोन कच्च्या टप्प्यांहून बरे! म्हणून टप्पे मोजण्याऐवजीं संदेश पोंचण्यास किती खेपा लागतील तें मोजावें, असें त्यांनीं सुचविलें.

या इतिहासाचा बोध सरळ आहे. सर्व ठिकाणीं सर्वांत उत्तम असा प्रोटोकॉल नाहीं. ठाणीं छपरांवर स्थिर असतील आणि संदेशांची वर्दळ सतत असेल तर कोष्टक बाळगावें. ठाणीं पळतीं असून संदेश विरळ असतील तर हाक देऊन वाट शोधावी. ठाणीं स्थिर असतील तेथें दुव्यांचा पक्केपणा आधीं मोजावा.

हा केवळ विद्वानांचा वाद नव्हे. २०१२ च्या ऑक्टोबरांत सँडी वादळानें न्यूयॉर्क झोडपलें, तेव्हां ब्रुकलिनच्या रेड हुक वस्तींत छपरांवर उभारलेलें असेंच एक लहान जाळें तेथील लोकांच्या उपयोगीं पडलें. अशा घटकेस वाट चुकलेला संदेश म्हणजे न पोंचलेली मदत. म्हणून प्रोटोकॉलची निवड शांततेच्या दिवसांतच, आपली भूमि व आपली गरज ओळखून, करून ठेवावी.