कडू बियांची गोष्ट

आमच्या मराठवाड्यात मुसलमानांच्या लग्नात 'खुबानी का मीठा' हवाच. जर्दाळू शिजवून केलेल्या या पदार्थावर त्याच जर्दाळूंच्या बियांतले गर पसरतात. बिया फोडायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. एखादा गर कडू जहर निघाला की फुफी ओरडायची, "थूक दे!"

त्या कडवटपणाचं नाव अमिग्डालिन. १८३० साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते कडू बदामातून वेगळं काढलं. पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. फुफीला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं. पण ती बरोबर होती.

याच द्रव्याचा एक प्रकार विसाव्या शतकात अमेरिकेत कर्करोगावरचा इलाज म्हणून पुढे आला. त्याला नाव दिलं लेट्रिल. अर्न्स्ट क्रेब्स या गृहस्थांनी तर त्याला 'जीवनसत्त्व बी-१७' म्हटलं. ते जीवनसत्त्व नव्हतंच. पण शब्दाची जादू बघा! विष म्हटलं तर माणूस दूर सरतो, जीवनसत्त्व म्हटलं की आपल्यात त्याची कमतरता आहे असं वाटू लागतं. सरकारच्या औषध खात्यानं मान्यता नाकारली, तेव्हा लोकांना तो आपल्या स्वातंत्र्यावरचा घाला वाटला. सत्तरचं दशक संपता संपता वीसेक राज्यांनी लेट्रिलला कायदेशीर परवानगी दिली. औषधाचा गुण असा मतदानानं ठरला.

'द ग्रेट एस्केप' आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्याचा नायक स्टीव्ह मॅक्वीन १९८० मध्ये मेक्सिकोला गेला. त्याच्या कर्करोगापुढे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हात टेकले होते. तिथे इतर उपचारांबरोबर लेट्रिलही सुरू झालं. ऑक्टोबरात त्यानं जीव वाचवल्याबद्दल मेक्सिकोचे जाहीर आभार मानले. ७ नोव्हेंबरला शस्त्रक्रियेनंतर तो गेला. पन्नास वर्षांचा होता. त्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. सगळी दारं बंद झाल्यावर माणूस खिडकी शोधतोच. जीव हळहळतो तो दार उघडं असताना खिडकीकडे गेलेल्यांसाठी.

१९८२ साली अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयांनी १७८ रुग्णांवर लेट्रिलची रीतसर चाचणी केल्याचं प्रसिद्ध झालं. एकही बरा झाला नाही. काहींच्या रक्तात सायनाइडचं प्रमाण मात्र धोक्याच्या पातळीजवळ पोचलं होतं.

तरी खरा घात सायनाइडपेक्षा गेलेल्या वेळानं होतो. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही.

१९९६ मध्ये फुफीच्या छातीत हरभऱ्याएवढी गाठ आली. तिला चाकूची भीती, परक्या पुरुषाची लाज. शेजारच्या तालुक्यात एक जण गाठीवर पुड्या द्यायचा. पैसे घेत नसे, म्हणून विश्वास बसला. पैसे न घेणारा फसवत नसतो, असं मला वाटायचं. तो फसवत नव्हताही बहुधा. त्याचाही पुड्यांवर विश्वास होता. घरातला पहिला बी. ए. मीच, त्यामुळे माझा शब्द शेवटचा. आठ महिने मीच तिला एसटीनं नेत होतो. मुंबईला नेली तेव्हा डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "इतके दिवस कुठे होता?"

२०१८ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रोग अजून दूर पसरलेला नसताना नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या २८१ रुग्णांचा. त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनांच्या कर्करोगात पाचपटीहून जास्त. डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून कुणी दुवा मागितली, प्राणायाम केला, तर कोण नको म्हणेल? पण तो पाचाचा आकडा वाचला आणि मी वर्तमानपत्र मिटून ठेवलं. आठ महिन्यांचा हिशेब मला करता येत होता.

फुफीनं मला कधी बोल लावला नाही. मुंबईहून परतताना, एसटीत खिडकीपाशी बसून तिनं हळूच विचारलं, "बेटा, वो पुड्याँ बाकी हैं क्या?"

माझ्या पिशवीत होत्या. मी नाही म्हणालो.