टपालाच्या पिशवीतून निघालेली विमानकंपनी

आम्हा श्रीरामपूरकरांना आता विमान धरायचं तर काकडी गाठायची. शिर्डीचा विमानतळ तिथे २०१७ साली सुरू झाला. साईभक्तांची ती गर्दी पाहून कुणाला खरं वाटणार नाही, पण आपल्याकडची टाटांची विमानसेवा माणसांसाठी निघालीच नव्हती. ती निघाली पत्रांसाठी.

१९२९ साली इम्पीरियल एअरवेजचं लंडनहून सुटलेलं टपाल विमानाने कराचीपर्यंत येऊ लागलं. मुंबई-मद्रासची पत्रं मात्र तिथून पुढे रखडत. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेल्या नेव्हिल व्हिन्सेंटने ही फट हेरली आणि जे.आर.डी. टाटांना गाठलं. टाटा समूहाचे प्रमुख दोराबजी टाटा आधी तयार नव्हते; जे.आर.डीं.चे वरिष्ठ जॉन पीटरसन यांनी त्यांची समजूत घातली. भांडवल, २ लाख रुपये. सरकारने अनुदान दिलं नाही. टपालाच्या वजनावर काय मिळेल ते. एवढा करार व्हायलाही एप्रिल १९३२ उजाडला.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जे.आर.डी. कराचीहून एकटेच निघाले. विमान एका इंजिनाचं, कापड ताणून मढवलेलं पस मॉथ. सोबत टपालाच्या पिशव्या, वजन जेमतेम २५ किलो. रेडिओ नाही, खालून वाट दाखवणारं कुणी नाही. अहमदाबादला पेट्रोल आलं ते बैलगाडीतून, डब्यांमध्ये! दुपारी विमान जुहूला उतरलं, आणि टपाल घेऊन व्हिन्सेंट दुसऱ्या विमानाने बल्लारीकडे गेला. मद्रास दुसऱ्या दिवशी.

जुहूचं मैदान म्हणजे समुद्राकाठचा चिखल. पावसाळ्यात तिथे चाक टेकवायची सोय नसे, मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला, येरवड्याला हलवायचा. पावसाळ्यापुरतं का होईना, मुंबईच्या टपालाचं विमान घाटावर उतरे, हे आम्हा घाटावरच्या लोकांनी थोडं मिरवायला हरकत नाही.

पहिल्या वर्षात प्रवासी अवघे १५५. टपाल मात्र १० टनांवर, आणि नफा ६०,००० रुपये. माणूस त्या हिशेबात वरकड होता. पिशव्या ठेवून जागा उरली तर तो बसे.

१९४६ साली कंपनी एअर इंडिया झाली, १९५३ साली सरकारजमा झाली. ती कथा सर्वांना पाठ आहे. मला त्याहून मोलाचं वाटतं ते १९४९ साल. इतर कंपन्याही तोवर या धंद्यात उतरल्या होत्या. त्या जानेवारीत रात्रीची टपाल-विमानं सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारी दिशांची विमानं मध्यरात्री नागपूरला येत, सोनेगावच्या धावपट्टीवर पिशव्यांची अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत जो तो आपल्या गावी परते. त्याच एप्रिलपासून देशातल्या देशात साधं पत्रही जादा तिकिटाशिवाय विमानाने जाऊ लागलं. म्हणजे इथल्या बाजारपेठेतल्या आडत्याने कलकत्त्याला धाडलेलं पत्र रेल्वेने मुंबईला जाऊन पुढे विमानात चढू शकत होतं, आडत्याने स्वतः विमान पाहिलेलं असो वा नसो.