सवाल पॉजवर

२०२३ च्या जूनमध्ये आमच्या ऑफिसातल्या दोघांनी एक अख्खी दुपार 'द चर्नअप्स' म्हणजे कोण, यावर घालवली. इंग्लंडातल्या ग्लास्टनबरी महोत्सवाच्या वेळापत्रकात शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला, सगळ्यात मोठ्या मंचावर, हे नाव छापलं होतं. या नावाचा कुठलाही बँड कुणी कधी ऐकला नव्हता. मग जगभरचे चाहते कामाला लागले. कोण त्या तारखेला मोकळं आहे, कोणाचा दौरा कुठे आहे, कोणी काय पोस्ट केलंय. फू फायटर्सनी चाहत्यांना लिहिलेल्या एका पत्रात 'चर्न्ड अप' हे दोन शब्द सापडले आणि बहुतेकांची खात्री पटली. तेच निघाले. दोन वर्षांनी 'पॅचवर्क' नावाने हाच प्रकार झाला, तेव्हा पल्प निघाले.

"आपल्याकडे असलं काही नाही रे," एकजण म्हणाला. मी मान डोलावली, कारण चार वाजता मीटिंग होती. पण डोळ्यासमोर आमचा जोह्यातला कारखाना आला. रंगाचा एक रिकामा डबा, त्याला टेकवलेला मोबाइल आणि पॉज केलेला व्हिडिओ.

जोहे म्हणजे पेण तालुक्यातलं, हमरापूरच्या शेजारचं गाव. इथे कारखाना म्हणजे गणपतीचा कारखाना. सणाआधीचे दोन महिने आमच्याकडे रात्र होतच नाही. त्या रात्रींमध्ये नाना असायचे. महाडकडचे, दर वर्षी आखणीला यायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. कारखान्यातलं सगळ्यात महागडं काम, कारण तिथे हात चुकला की पुढे काही दुरुस्त होत नाही. नाना शक्तीवाले होते. म्हणजे ज्या नाचाला कोकणात कुठे जाखडी, कुठे बाल्या नाच म्हणतात, त्या नाचात गाणारे. मध्ये शाहीर आणि ढोलकीवाला बसतो, भोवती पायात चाळ बांधलेले नाचे गोल फिरतात. गण होतो, गवळण होते, आणि मग दोन पार्ट्यांचा सामना लागतो: शक्ती विरुद्ध तुरा. एका शाहिराने गाण्यातून कोडं घालायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच ते सोडवायचं.

२०१६ ची गणेश चतुर्थी ५ सप्टेंबरला होती आणि जिओ सुरू झालं तेही ५ सप्टेंबरलाच. त्यामुळे पुढच्या हंगामापासून मेमरी कार्ड गेलं आणि कारखान्यात यूट्यूब आलं. नाना सामना लावायचे. शाहिराचा सवाल संपला की ओल्या बोटाच्या पेराने व्हिडिओ थांबवायचे आणि म्हणायचे, "हां, बोला." मग सोंड घासणाऱ्यापासून सोनेरी मारणाऱ्यापर्यंत प्रत्येकाने अंदाज सांगायचा. पुढे सरकवायला बंदी. एकदा तर एक सवाल दोन दिवस पॉजवर होता.

मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो आणि साहजिकच हुशार होतो. टेबलाखाली मोबाइल धरून शोधायचो. एकदा सवाल असा होता, माझ्या शब्दांत सांगतो: चौघांनी उचलला, सहांनी सावरला, अठरांनी मिरवला, तरी जागचा हलला नाही, तो कोण? एकाला पालखी वाटली, एकाला शेतावरचा बांध. मी शोधून सांगितलं की चार म्हणजे वेद, सहा म्हणजे शास्त्रं, अठरा म्हणजे पुराणं, आणि ही सगळी ज्याचं वर्णन करतात तो न हलणारा परमात्मा, म्हणजे शिव. नाना हसले. "बरोबर. पण हे तुरेवाल्याचं उत्तर झालं. त्यानंच विचारलंय, त्याला हेच पाहिजे. तू कोणाच्या बाजूचा?" मग त्यांनी शक्तीवाल्याचं उत्तर सांगितलं. हलला नाही, कारण हलवणारी जवळ नव्हती. 'शिव' या अक्षरांतली इकाराची वेलांटी ही शक्ती. ती काढ आणि वाच. उरतं ते शव.

"आता हे चालीत बसव," नाना म्हणाले. मला ते काही जमलं नाही.

हे भांडण फार जुनं आहे. शक्तीवाल्यांना घाटावर कलगीवाले म्हणतात. तुरा आणि कलगी हे दोन्ही पागोट्यावरचे दागिने. दंतकथा अशी, की तुकनगीर नावाचे गोसावी आणि शहा अली नावाचे फकीर यांची जुगलबंदी चंदेरीच्या राजासमोर रंगली. कोण जिंकलं ते राजाला ठरवता येईना, म्हणून त्याने आपल्या मुकुटातला तुरा एकाला दिला आणि कलगी दुसऱ्याला. तुकनगीर शिवाच्या बाजूचे, भगव्या निशाणाचे. शहा अली शक्तीच्या बाजूचे, हिरव्या निशाणाचे. राजस्थानात मेवाडकडे या दोन पक्षांचं तुर्रा-कलंगी नावाचं लोकनाट्य आजही होतं. कथा खरी की रचलेली याने मला फरक पडत नाही. देवीची बाजू फकिराने घ्यावी आणि हे सांगताना गावोगावच्या शाहिरांना त्यात काही खटकू नये, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

महाराष्ट्रात पेशवाईच्या उत्तरार्धात शाहिरी भरात होती, तेव्हा फडांमध्ये कोण होतं बघा. होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान आणि शिकलगार, प्रभाकर आणि राम जोशी ब्राह्मण. सोलापूरचे राम जोशी (१७६२–१८१२) शास्त्र शिकलेले होते, पण लावणी त्यांनी तमाशाच्या फडात उचलली. वेद ऐकायची ज्याला बंदी, त्याने भर चौकात डफावर थाप मारून 'ब्रह्म आणि माया यांत थोर कोण' असं विचारायचं, आणि समोरच्याने, मग तो कुठल्याही जातीचा असो, उत्तर द्यायचं किंवा हरायचं. हरलेल्याने डफ खाली ठेवायचा, असं सांगतात. या रचनांना घाटावर भेदिक म्हणतात. भेद म्हणजे गुपित, मर्म. मर्म फोडता आलं तर माणूस आत, नाही तर बाहेर. आत यायची ही दुसरी वाट होती आणि तिथे जन्माचा दाखला लागत नव्हता. मी हे फार गोड करून सांगत नाही. फडाबाहेर पडल्यावर ज्याची त्याची जात तशीच होती. पुढे विसाव्या शतकात सत्यशोधक जलसे आले, मग भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे आले. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि सवालच बदलून टाकला. शिव थोर की शक्ती हे राहू दे, देवळात मला का येऊ देत नाही ते सांग.

कोडी फोडायची कशी, याचं मात्र एक तंत्र आहे आणि ते माझ्यासारख्याला लगेच आवडतं. सगळ्यात सोपी कोडी देहाची. नऊ दारांचा वाडा आला की समजायचं, शरीर. साडेतीन हात आले तरी शरीरच. पाच आले की पंचमहाभूतं किंवा इंद्रियं. एकनाथांची भारुडं ज्याने ऐकली आहेत त्याला ही किल्ली आयतीच मिळालेली असते. दुसरी कोडी नात्यांची. अमक्याच्या सासऱ्याच्या भावाला शाप देणाऱ्याचा वडील कोण? त्यासाठी पोथ्या पाठ लागतात, श्रीधरांचे 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप'. श्रावणात घरोघरी पोथी लागते आणि भाद्रपदात नाच असतो. मला वाटतं, प्रेक्षकांचा अभ्यास परीक्षेच्या तोंडावर ताजा व्हायचा. बायका पोथी ऐकून यायच्या आणि नाच बघताना, शाहीर अडखळला तर, मागून उत्तर पुटपुटायच्या. हे नानांनी सांगितलं. त्यांची आई तशी होती म्हणे.

तिसरा प्रकार आकड्यांचा. आपल्याकडच्या ज्योतिष्यांनी आकडे श्लोकात बसवण्यासाठी शब्दच नेमून ठेवले होते. चंद्र म्हणजे एक, नेत्र दोन, अग्नी तीन, वेद चार, बाण पाच, रस सहा, नंद नऊ, आकाश शून्य. याला भूतसंख्या म्हणतात. गंमत म्हणजे शब्द डावीकडून वाचायचे, पण आकडा उजवीकडून मांडायचा. एकक आधी, मग दशक. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नानांना 'लिटल एंडियन' समजावून सांगायला गेलो होतो. ते तेव्हा एका गणपतीची डावी भुवई काढत होते. त्यांनी उत्तर दिलं नाही.

हा खेळ मुंबईत गेला तो चाकरमान्यांबरोबर. गिरणीत काम, गावकऱ्यांच्या खोलीत पथारी, आणि वर्षातून काही रात्री परळच्या दामोदर नाट्यगृहात नमन किंवा शक्ती-तुरा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, खोल्या गेल्या, तरी दामोदर चालू होतं. २०२३ मध्ये ते पुनर्विकासासाठी बंद झालं आणि लोककलावंत रस्त्यावर उतरले. तेव्हा बातम्यांखाली 'एवढं काय त्यात' अशा कॉमेंट मी वाचल्या. सवाल-जवाब म्हटलं की आपल्याला अनंत मानेंचा १९६४ चा 'सवाल माझा ऐका' आठवतो, जयश्री गडकर आठवतात. ते बरोबरच आहे. पण पडद्यावरचा सवाल ठरलेल्या वेळात सुटतो. गावातला सामना पहाटेपर्यंत चालायचा, कारण उत्तर सुचेपर्यंत शाहीर गवळणी लांबवत वेळ काढायचा आणि लोकांना ते कळायचं. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आल्यापासून उघड्यावरचा भोंगा रात्री दहाला बंद. सणांसाठी सरकार वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम मला चुकीचा वाटत नाही. आमच्या कारखान्याशेजारी लहान मुलं झोपलेली असतात. पण बारा वाजता संपणाऱ्या सामन्यात अवघड कोडं घालणं परवडत नाही. मग टोमणे वाढतात, सिनेमाच्या चाली वाढतात, 'तुझी पार्टी अशी अन् माझी पार्टी तशी' वाढतं. नाना अशा वेळी व्हिडिओ पॉज न करता बंदच करायचे.

ऑफिसातल्या मित्राला हे सगळं सांगायचं राहूनच गेलं. मग मागच्या वर्षी एक पोस्टर माझ्या व्हॉट्सअॅपवर आलं. सामन्याचं. डावीकडे तुरेवाले शाहीर, फेट्यासकट फोटो. उजवीकडे शक्तीवाल्याच्या जागी काळी सावली, वर प्रश्नचिन्ह, आणि खाली एवढंच की ओळखा पाहू. ग्रुपवर दोनशे मेसेज पडले होते. कुणी सावलीतल्या फेट्याचा शेमला मोजत होतं, कुणी पोस्टरच्या कोपऱ्यातल्या ढोलकीच्या दोरीचा रंग. मी ते नानांना पाठवलं. आता ते कारखान्यात येत नाहीत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दिसतं व्यवस्थित, पण गणपतीचे डोळे काढण्याइतकं नाही, असं तेच म्हणतात. त्यांनी अर्ध्या तासाने फोन केला.

"सावली बघू नको. खाली वंदन कोणाकोणाला केलंय ते वाच."

पोस्टरच्या तळाशी, मंडळाच्या नावाखाली, बारीक अक्षरात गुरूंना वंदन होतं. तुरेवाल्यांच्या गुरूचं नाव होतं, आणि त्याखाली आणखी एक नाव, ज्याचा त्या मंडळाशी काही संबंध नव्हता. नाना म्हणाले, हा शक्तीच्या एका घराण्याचा मूळ पुरुष. त्याचं नाव घेतल्याशिवाय त्याचा शिष्य रंगमंचावर पाय ठेवत नाही, पोस्टरवर तर नाहीच. त्या घराण्यातले गाणारे आता तिघे. एक आजारी. एकाचं या तुरेवाल्याशी वाकडं. राहिला एक. तोच आला.

त्याच फोनवर मी त्यांना वहीबद्दल विचारलं. काम सोडताना त्यांनी आपलं बाड मला दिलं होतं. दोनशे पानी वही, पुठ्ठा फाटलेला, पानांवर सोनेरी रंगाचे ठसे. त्यात नुसते सवाल आहेत. उत्तरं नाहीत, कारण उत्तरं कधी लिहायचीच नसतात. वही चोरीला गेली तर? मी सगळी पानं स्कॅन करून ठेवली आहेत. उत्तरं त्यांच्याकडून बोलून घ्यायचं चाललंय, पण ते सहज देत नाहीत. आधी मी अंदाज सांगायचा. मी आजवर चौदा सोडवले, त्यातले तीन त्यांनी अमान्य केले.

शेवटच्या पानावरचा सवाल मला सुटला असं वाटत होतं. त्यात नेत्र, रस, नंद आणि चंद्र असे शब्द एका ओळीत येतात. दोन, सहा, नऊ, एक. उजवीकडून मांडलं की १९६२. शाहीर शेवटच्या ओळीत स्वतःची छाप ठेवतात, कुणी नाव घालतो, कुणी गाव. नानांनी जन्मसाल घातलं असणार. मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"माझा जन्म एकसष्टचा," नाना म्हणाले. "आधार कार्ड बघ हवं तर."

मग १९६२ कोणाचं?

"बघ की. आणि शके आहे का इसवी, तेही बघ." तिकडे ढोलकी वाजायला लागली होती. सामना लाइव्ह होता, त्यांनी फोन ठेवला.