पोरका रोहिदास

लखनौच्या पूर्वेस अयोध्या आणि तिच्याही पलीकडे काशी. या दोन नगरींच्या दरम्यान राजा हरिश्चंद्राची सारी कथा घडते. अयोध्येचे राज्य दानात गेले, काशीच्या बाजारात कुटुंब विकले गेले. कथेत गौरव आहे तो राजाच्या सत्त्वाचा. लोकांच्या डोळ्यांत पाणी आणतो तो मात्र रोहिदास. आईबाप हयात असून त्याच्या वाट्यास अनाथाचे जिणे येते. बाप स्मशानात चाकरीस, आई परक्या घरी दासी, आणि पोर सर्पदंशाने मरते. आमच्या मूकपटाच्या इतिहासात तारखांना जेवढा मान मिळतो, तेवढा या पोराला मिळत नाही, असे आम्हांस वाटते.

तारखा प्रसिद्धच आहेत. धुंडिराज गोविंद फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' 21 एप्रिल 1913 रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना दाखविला गेला आणि 3 मे रोजी कॉरोनेशनमध्ये सर्वांसाठी लागला. तारामतीच्या भूमिकेस स्त्री मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके यांना लुगडे नेसविले. रोहिदासाची अडचण निराळीच होती. रानोमाळ हिंडणाऱ्या आणि शेवटी मरणाऱ्या मुलाचे अभद्र काम आपल्या पोराकडून कोण करवून घेणार? अखेर फाळक्यांनी स्वतःच्या भालचंद्रासच उभे केले. सरस्वतीबाई त्या वेळी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोके पाडण्याचे कामही करीत होत्या. चित्रणाच्या दिवसांत भालचंद्र खेळता खेळता पडला, डोक्यास लागून बेशुद्ध झाला, आणि मृत रोहिदासाचे दृश्य फाळक्यांनी त्याच अवस्थेत उरकले, अशी हकीकत सांगतात. ती ऐकून कलावंताच्या जिद्दीचे कौतुक करावे, तर आमची जीभ अडखळते. सत्त्व बापाचे आणि किंमत मोजायची मुलाने! मूळ कथेतही तसेच आहे, हे खरे.

सातासमुद्रापलीकडेही निराळे नव्हते. चॅप्लिनच्या 'द किड'मध्ये (1921) टाकून दिलेल्या पोराचे काम करून जॅकी कूगनने जगाला रडविले. मोठेपणी, 1938 साली, स्वतःच्याच कमाईसाठी त्याला आई व सावत्र बापाविरुद्ध कोर्टात जावे लागले. त्यातून 1939 साली कॅलिफोर्नियात बालनटांच्या मिळकतीचा कायदा झाला. आमच्या भालचंद्राच्या वाट्यास घरचे काम आले. त्याचा हिशेब कोण मागणार?

पुढे भागीदारांशी न पटल्याने फाळके सहकुटुंब काशीस येऊन राहिले. ज्या नगरीत हरिश्चंद्राने बायकोमुलास विकले, तेथेच त्यांनी 'रंगभूमि' हे नाटक लिहिले. या प्रांताला ती कथा नवी नव्हतीच. नौटंकीने ती गावोगाव नेली होती. मूकपटांच्या पाट्या एकाहून अधिक लिप्यांत असत. ज्यांना वाचता येत नसे, त्यांच्यासाठी कोणीतरी मोठ्याने वाची. 1927-28 साली रंगाचारियर समितीने चित्रपटधंद्याची चौकशी केली, तेव्हा साक्षी घ्यावयास ती लखनौसही आली होती.

बदलीवर येथे येऊन पहिल्या महिन्यात भाजीवाल्याशीही खुणांनी बोललेल्या आमच्या वाचकांस मुकेपणाची सोय समजावून सांगावयास नको. 1932 साली प्रभातने हीच कथा 'अयोध्येचा राजा' या नावाने बोलती केली. तेव्हा ती एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत, अशी दोनदा घ्यावी लागली. म्हणजे रोहिदासालाही दोनदा मरावे लागले.