नंबराचं जहाज, नावाचं जहाज

आपल्या भाषेत एक गंमत आहे. 'नाव' म्हणजे ओळख, आणि 'नाव' म्हणजे होडीसुद्धा. आज आपण अशा एका जहाजाची गोष्ट पाहणार आहोत, ज्याला जन्मतः नावच नव्हतं, आणि जे आज जवळजवळ केवळ नावावरच उभं आहे.

दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांपुढे एक साधा पण अवघड प्रश्न होता. रणगाडे समुद्रापार न्यायचे, आणि जिथे बंदर नाही, धक्का नाही, अशा उघड्या किनाऱ्यावर उतरवायचे कसे? उत्तर म्हणून जे जहाज आलं त्याला म्हणतात एलएसटी. लांबी ३२८ फूट, तळ सपाट, आणि नाळेला चक्क दरवाजे. खोल समुद्रात टाक्यांमध्ये पाणी भरायचं, म्हणजे जहाज खाली बसून स्थिर चालतं. किनारा जवळ आला की पाणी काढून टाकायचं, जहाज वर उचललं जातं आणि सरळ वाळूवर चढतं. दरवाजे उघडले, उतार खाली पडला, की रणगाडे बाहेर. परत निघण्यासाठी येतानाच मागे नांगर टाकून ठेवलेला असायचा. तो ओढून जहाज स्वतःला सोडवून घ्यायचं. म्हणजे बघा, इतर कप्तान ज्याला अपघात म्हणतील, ते जमिनीला लागणं हाच ह्या जहाजाचा धंदा!

अमेरिकेने युद्धकाळात अशी हजाराहून जास्त जहाजं बांधली. त्यातली पुष्कळशी समुद्रापासून शेकडो मैल आत, नदीकाठी. इंडियाना राज्यातल्या एव्हान्सव्हिल गावात, ओहायो नदीच्या काठी, १६७ जहाजं तयार झाली. इतक्या जहाजांना नावं कोण शोधत बसणार? फक्त नंबर दिले. खलाशी थट्टेने म्हणत, एलएसटी म्हणजे मोठं, सावकाश चालणारं निशाण. थट्टेत तथ्यही होतं. एप्रिल १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या तयारीचा सराव चालू असताना इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ जर्मन वेगवान बोटींनी हल्ला केला. ५०७ आणि ५३१ ही दोन जहाजं बुडाली, शेकडो माणसं गेली, आणि ती बातमी तेव्हा दाबून ठेवली गेली. जहाजालाच नाव नाही, मग लोकांच्या आठवणीत राहायला धरायचं काय?

आपलं जहाज म्हणजे नंबर ८२१. तेही एव्हान्सव्हिलचंच, १९४४ च्या शेवटी नौदलात आलं. १९४५ साली ओकिनावाच्या मोहिमेत होतं. १९४६ मध्ये सेवेतून काढून राखीव ताफ्यात बांधून ठेवलं. आणि मग १ जुलै १९५५ रोजी अमेरिकन नौदलाने उरलेल्या एलएसटींना नावं दिली, काउंट्यांची. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. ८२१ झालं 'हार्नेट काउंटी'. नॉर्थ कॅरोलायनातल्या ह्या काउंटीला समुद्रकिनाराच नाही. बारसं झालं तेव्हा जहाजही झोपलेलंच होतं.

१९६६ मध्ये व्हिएतनामसाठी त्याला उठवलं. मेकाँगच्या खोऱ्यात ते गस्तीच्या छोट्या बोटींचं आणि हेलिकॉप्टरांचं तरंगतं ठाणं बनलं. १९७० मध्ये ते दक्षिण व्हिएतनामला दिलं गेलं आणि मेकाँगकाठच्या शहरावरून 'मी थो' झालं. १९७५ मध्ये सायगाव पडलं तेव्हा ते फिलिपिन्सला निसटलं. तिथे आधी 'दुमागात' आणि मग लुझोनच्या डोंगररांगेवरून 'सिएरा माद्रे'.

हे काही जगावेगळं नाही. आपल्या नौदलाची पहिली 'मगर' हीसुद्धा ब्रिटिशांकडून आलेली एलएसटीच, मूळ नंबर ३०११. डिसेंबर १९७१ मध्ये ती कॉक्स बाजारच्या मोहिमेत होती. मालक बदलला की नाव बदलतं, आणि नावावरून मालक कळतो.

आता मुद्द्यावर येऊ. १९९५ मध्ये चीनने दक्षिण चीन समुद्रातला मिसचीफ रीफ ताब्यात घेतला. १९९९ मध्ये फिलिपिन्सने जवळच्याच सेकंड थॉमस शोलवर 'सिएरा माद्रे' मुद्दाम नेऊन रुतवलं. आयुष्यभर जे काम केलं तेच, फक्त ह्या वेळी परत निघायचं नव्हतं. आज त्याला गंजाने भोकं पडली आहेत. आत मोजके नौसैनिक राहतात. त्यांचं अन्नपाणी पोचवताना चिनी तटरक्षकांशी झटापटी झाल्या आहेत. जून २०२४ मधल्या झटापटीत एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा गेला.

हे भंगार कोणी सरळ उचलून का नेत नाही? कारण ते फिलिपिन्स नौदलाच्या पटावर आजही सेवेतलं जहाज आहे. त्याच्यावर हल्ला म्हणजे देशाच्या नौदलावर हल्ला, आणि मग १९५१ च्या संरक्षण कराराने अमेरिकाही त्यात ओढली जाऊ शकते. पटावरून नाव काढलं, तर उरेल फक्त लोखंड.

युद्धात लढलं तेव्हा त्याला नाव लागलं नाही. आता ते हलूसुद्धा शकत नाही, आणि सगळा भार नावावर आहे. म्हणून आपण इतिहास वाचताना यादीतल्या नुसत्या नंबरापाशीही जरा थांबायला हवं. त्या नंबरावरही माणसं होती.